माकडाचा माणूस कुणी पाहिला? : एका आक्षेपाची कुळकथा

जानेवारी २०१८. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, अखिल भारतीय वैदिक संमेलन भरलं होतं. तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांच्याकडे उच्च शिक्षणाचा कारभार होता. ते तिथे म्हणाले, की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांनी कुठे सांगितलेलं नाही, माणूस पृथ्वीवर दिसला तेव्हापासून माणूसच आहे, आणि शाळा-कॉलेजांच्या अभ्यासक्रमात हे बदललं पाहिजे. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी लगोलग एकत्र निवेदन काढून विरोध नोंदवला. खात्याचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनी अशी विधानं टाळायला सांगितलं आणि विषय वरवर मिटला.

पण ‘माणूस पहिल्यापासून माणूसच’ हे म्हणणं आलं कुठून? त्याचं कूळ मला अनपेक्षितपणे कोल्हापुरात सापडलं. राजाराम कॉलेजच्या इतिहासात १९१९ सालची एक नोंद आहे : शाहू महाराजांनी कॉलेजचा कारभार संयुक्त प्रांतातल्या आर्य प्रतिनिधी सभेकडे, म्हणजे आर्य समाजाकडे सोपवला. मुंबईचे पोलीस आयुक्त राहिलेल्या सिंह यांचं आर्य समाजाशी असलेलं नातंही जगजाहीर आहे. ही दोन टोकं जुळली आणि मी शोध सुरू केला.

आधी प्रतिस्पर्धी मतांचा समाचार घेतो.

पहिलं मत असं, की ही मिशनऱ्यांची देणगी आहे. आमच्या कोल्हापुरातल्या न्यू शाहूपुरीत वायल्डर मेमोरियल चर्च आहे. मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले. १८७० मध्ये त्यांचं मिशन अमेरिकन प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेलं. या पंथाचं धर्मविद्यालय प्रिन्स्टनला होतं, आणि १८७४ मध्ये तिथल्याच चार्ल्स हॉज या धर्मपंडितांनी डार्विनवाद म्हणजे निरीश्वरवाद असा निकाल दिला. पुढच्याच वर्षी वायल्डर मायदेशी परतले, प्रिन्स्टनला स्थायिक झाले आणि तिथून मिशनकार्याचं मासिक चालवू लागले. शाहूपुरी ते प्रिन्स्टन इतकी सरळ वाट दिसल्यावर कुणालाही वाटेल, की धागा हाच.

मला तो पटत नाही. हॉज यांचा राग वेगळ्या गोष्टीवर होता : डार्विनने निसर्गातून योजना आणि योजना करणारा दोघांनाही काढून टाकलं. पुढे विसाव्या शतकातले अमेरिकन सृष्टिवादी काळाशी भांडू लागले. पृथ्वी सहा हजार वर्षांची, असं त्यांचं म्हणणं. औरंगाबादेत यातलं काहीच नव्हतं. तिथे योजनाकाराची बाजू नव्हती आणि पृथ्वीच्या वयाचा वाद तर नव्हताच.

दुसरं मत दशावताराचं. मासा, कासव, वराह, नरसिंह, वामन हा क्रम म्हणजेच उत्क्रांती, असं आपल्याकडे अभिमानाने सांगतात. १८७७ मध्ये मादाम ब्लाव्हात्स्की यांनी हे लिहिलं, आणि २०१९ मध्ये जालंधरच्या विज्ञान काँग्रेसमध्ये आंध्र विद्यापीठाच्या कुलगुरूंनी दशावतार डार्विनपेक्षा सरस ठरवला. पण ही मांडणी उत्क्रांती नाकारत नाही, ती आपल्या घरचीच म्हणून सांगते. शिवाय आर्य समाजाला अवतारच मान्य नाहीत. म्हणून हेही कूळ आपलं नव्हे.

उरतो आर्य समाजाचा मूळ ग्रंथ ‘सत्यार्थप्रकाश’. त्याच्या आठव्या समुल्लासात, म्हणजे प्रकरणात, समाजाचे संस्थापक स्वामी दयानंद सृष्टीची उत्पत्ती सांगतात. पहिली माणसं एक-दोन नव्हे, अनेक जन्मली, ती त्रिविष्टपात म्हणजे तिबेटात, आणि जन्मली तीच तरुण वयात. बाळं असती तर त्यांना वाढवलं कुणी असतं, म्हातारी असती तर पुढे वंश कसा चालला असता, असा त्यांचा युक्तिवाद. आर्य समाजाच्या सृष्टिसंवताप्रमाणे या साऱ्याला सुमारे १९६ कोटी वर्षं झाली. आता नीट पाहा. भूशास्त्र पृथ्वीला सुमारे ४५४ कोटी वर्षं देतं, म्हणजे कोटींच्या हिशोबाची इथे कुणालाच धास्ती नाही. भांडण फक्त माणसाच्या वयाशी आहे. विज्ञान आपल्या जातीला साधारण तीन लाख वर्षं देतं, दयानंद तिला सृष्टीच्या आरंभीच आणून बसवतात. औरंगाबादचं वाक्य या साच्यात चपखल बसतं.

बसत नाही तो एकच भाग : ‘कुणी पाहिलं?’ दयानंदांना हा प्रश्न सुचलाच नसता. त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या समुल्लासात ते ज्ञानाची आठ प्रमाणं, म्हणजे साधनं, मानतात आणि त्यांत प्रत्यक्षाशेजारी अनुमानही आहे. तिबेटातली ती तरुण माणसंही कुणी पाहिली नव्हती. ती त्यांनी तर्काने उभी केली. ‘तुम्ही तिथे होतात का?’ हे शस्त्र अमेरिकेतल्या सृष्टिवाद्यांचं. केन हॅम यांनी ते शाळकरी मुलांच्या तोंडी दिलं, शिक्षकाला वर्गात विचारण्यासाठी. माझा ठाम तर्क असा, की आपल्याकडच्या आक्षेपाचा देह दयानंदांचा आहे आणि जीभ उसनी, अमेरिकेतली. ही उसनवारी मूळ घराण्याच्याच विरुद्ध जाते, कारण अनुमान सोडलं तर ‘सत्यार्थप्रकाशा’चा आठवा समुल्लासही उभा राहत नाही.

मग आर्य समाज कोल्हापुरात आला कसा? वेदोक्त प्रकरणातून. छत्रपतींना वेदमंत्रांचा अधिकार नाही, असं इथल्या पुरोहितांनी ठरवलं. वेद सर्वांचे, असं आर्य समाज म्हणत होता. महाराजांना त्यात समतेचं हत्यार दिसलं. १९१८ मध्ये इथे आर्य समाज स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी कॉलेज त्यांच्या हाती गेलं. १९२२ पासून डॉ. बाळकृष्ण प्राचार्य होते. शिवचरित्राचे खंड लिहिणारे हे आर्यसमाजी विद्वान कोल्हापुरात विद्यापीठ व्हावं म्हणून झटले. महाराजांनी तिबेटातल्या माणसांसाठी हे केलं नाही, वेदांचं कुलूप तोडण्यासाठी केलं, हे स्पष्ट सांगायला हवं.

माझ्या मते या कथेतली सगळ्यात मोलाची गोष्ट पुढची आहे. कॉलेज आर्य समाजाकडे गेलं, पण ते संलग्न होतं मुंबई विद्यापीठाला. विषय, पुस्तकं, परीक्षा तिथून ठरत. प्राचार्यांच्या खोलीत कोणताही ग्रंथ असो, प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्याला उत्तरपत्रिका मुंबईच्या परीक्षकासाठीच लिहावी लागे. संस्था एकाच्या हाती आणि अभ्यासक्रम दुसऱ्याच्या, या फारकतीमुळे आठवा समुल्लास जीवशास्त्राच्या तासाला शिरू शकला नाही. अमेरिकेत शाळांचे निर्णय राज्यं आणि स्थानिक मंडळं घेतात, म्हणून तिथे १९२५ च्या टेनेसीतल्या स्कोप्स खटल्यापासून २००५ च्या डोव्हर खटल्यापर्यंत उत्क्रांती शिकवण्यावरून ठिकठिकाणी भांडणं झाली. आपल्याकडे अभ्यासक्रम वरून येतो. त्यामुळे गावातला मठ, मदरसा किंवा मिशन त्याला हात लावू शकत नाही, पण वरचा एक माणूस लावू शकतो. २०१८ चं विधान म्हणूनच गंभीर होतं.

कोल्हापूरला दुसराही वारसा आहे. ‘गुलामगिरी’त (१८७३) जोतीराव फुले ब्रह्मदेवाच्या मुखातून, बाहूंतून झालेल्या जन्मांची उलटतपासणी घेतात आणि मासा नि माणूस यांच्या शरीररचनेतला फरक दाखवून मत्स्यावतार खोडून काढतात. हा डार्विन नव्हे, पण धर्मग्रंथाला शरीरशास्त्राच्या कसोटीवर आणणं निश्चित आहे. हेच जोतीराव १८७५ मध्ये पुण्यात दयानंदांच्या मिरवणुकीत, सनातन्यांच्या दंग्याला न जुमानता, न्यायमूर्ती रानड्यांसोबत चालले. पुढे १९११ मध्ये महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात जोतीरावांचा सत्यशोधक समाज उभा राहिला आणि सात वर्षांनी आर्य समाज. ग्रंथालाही प्रश्न विचारावा हे सांगणारे आणि ग्रंथाकडे परत चला म्हणणारे, दोघांनाही एकाच राजाने जागा दिली.

यानंतरची घटना अलीकडची. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातल्या ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्यातली उत्क्रांती गेली, नुसती आनुवंशिकता राहिली. कारण दिलं कोविडनंतर मुलांवरचा भार कमी करण्याचं. अठराशेहून अधिक वैज्ञानिकांनी आणि शिक्षकांनी पत्रावर सह्या केल्या. बारावीच्या जीवशास्त्रात धडा आहे, असं उत्तर मिळालं. पण दहावीनंतर कॉमर्सला किंवा आर्ट्सला जाणाऱ्या मुलाला तो कधीच भेटत नाही. बालभारतीच्या २०१८ सालच्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ भाग २ मध्ये मात्र पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. जीवाश्म, आंत्रपुच्छ, माकडहाड, अक्कलदाढा : कुणी न पाहिलेल्या गोष्टीचं अनुमान कसं करतात, हे त्यात पुराव्यानिशी आहे.

राज्याचा अभ्यासक्रम आता टप्प्याटप्प्याने बदलतो आहे. मसुदे हरकती-सूचनांसाठी लोकांसमोर ठेवले जातात. शाहूपुरीतल्या आणि राज्यातल्या विज्ञान शिक्षकांना, पालकांना माझी विनंती आहे : दहावीच्या विज्ञानाचा मसुदा येईल तेव्हा अनुक्रमणिका उघडून हा धडा शोधा, आणि नसला तर मुदतीच्या आत लेखी हरकत नोंदवा.