इमोचे रताळे आणि न शिकलेले ज्येष्ठ

सप्टेंबर १९५३. जपानच्या मियाझाकी प्रांतातील कोशिमा या चिमुकल्या बेटावर दीड वर्षाच्या एका माकडिणीने वाळूने माखलेले रताळे ओढ्याच्या पाण्यात बुडवले, हाताने चोळले आणि मगच खाल्ले. तिचे नाव इमो. हे दृश्य प्रथम टिपले सात्सुए मितो या स्थानिक शिक्षिकेने.

मुळात रताळे हे त्या माकडांचे अन्नच नव्हते. क्योतो विद्यापीठाचे किंजी इमानिशी व त्यांचे विद्यार्थी १९४८ पासून तेथे येत होते. पण दाट जंगलात माकडे दिसणार कशी? म्हणून १९५२ मध्ये किनाऱ्यावर रताळी टाकून त्यांना उघड्यावर आणले गेले. प्रत्येक माकडाला नाव देऊन त्याची वंशावळ लिहिली गेली. पाश्चात्त्य अभ्यासकांना हा भाबडेपणा वाटे. परंतु त्या नोंदींवाचून पुढचे काहीच कळले नसते.

इमोचे पाहून तिचे सवंगडी शिकले, आई शिकली. १९५८ पर्यंत दोन ते सात वर्षांच्या १९ माकडांपैकी १५ रताळी धूत होती. त्याहून मोठ्या ११ माकडांपैकी मात्र केवळ दोन, आणि त्या दोन्ही माद्या! प्रौढ नर बहुधा पिलांपासून दूर, कळपाच्या कडेला वावरत. जवळ बसून पाहणे त्यांच्या वाट्याला आलेच नाही. पुढे पिले आईच्या कुशीतूनच ही रीत उचलू लागली.

ताकासाकियामा येथे जुनिचिरो इतानी यांना हेच गोळ्या-चॉकलेटांबाबत आढळले: आधी पिले, मग आया. मिनो येथे मात्र उलटे घडले. तेथे गहू प्रथम कळपाच्या म्होरक्याने खाल्ला आणि अवघ्या चार तासांत तो साऱ्या कळपाचा झाला. म्हणजे नवे अन्न किती वेगाने पसरते, हे ते प्रथम कोणी चाखले आणि त्याच्याकडे कोण पाहते यावरही अवलंबून असते.

१९७९ मध्ये लायल वॉटसन यांनी या कथेला भलतेच वळण दिले. ठरावीक संख्येची माकडे शिकताच ते ज्ञान एकाएकी साऱ्या कळपात आणि समुद्रापलीकडच्या बेटांवरही पोहोचले, असा त्यांचा दावा. ‘शंभरावे माकड’ म्हणून तो आजही फिरतो. मासाओ कावाई यांचा १९६५ चा निबंध उघडला, की असा एकही चमत्कारी दिवस सापडत नाही. सापडते ती वर्षावर्षाने, एकेका माकडाच्या नावाने पुढे सरकणारी नोंद. १९६२ मध्येही ४९ पैकी ३६ माकडेच रताळी धूत होती.