दिनविशेष, ५ एप्रिल : दुष्काळातल्या मुलींनी छापले बायबल

१९२२ : पंडिता रमाबाई यांचे केडगाव (जि. पुणे) येथे निधन. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुली व बालविधवांना त्यांनी केडगावच्या आपल्या मुक्ती सदन आश्रमात आणले.

हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी साध्या मराठीत बायबलचे भाषांतर केले. ज्यांना कोणी दारात उभे केले नसते, त्याच मुली मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवायला, छपाई आणि बांधणी करायला शिकल्या. रमाबाईंच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले. मुखपृष्ठावर या मुलींची नावे नाहीत.

येशूला पाच भाकरी आणि दोन मासे देणाऱ्या मुलाचेही नाव शुभवर्तमानात नाही. पण त्याच्या शिदोरीवर हजारो जेवले. ख्रिस्ती श्रद्धेत माणसाचे मोल त्याच्या प्रतिष्ठेवर ठरत नाही. आज रमाबाईंचे स्मरण करताना त्या अनाम मुलींचीही आठवण जरूर ठेवावी.