किल्ली नवी, ओळख जुनी: गाडीच्या इमोबिलायझरची गोष्ट

आजचा भाग आमच्या घरातल्या एका भानगडीतून आलाय. बाबांनी सेकंड-हँड कार घेतली. किल्ली एकच मिळाली; दुसरी 'नंतर देतो' म्हणाले, ती काही आली नाही. मी कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याकडून डुप्लिकेट बनवून आणली. दार उघडलं, किल्ली फिरलीसुद्धा, पण इंजिन सुरूच होईना! गाडीने तिला ओळखलंच नव्हतं.

ही ओळखपाळख सुरू झाली कधी? चला, १९८६ मध्ये जाऊ. अमेरिकेत जनरल मोटर्सने कॉर्व्हेटच्या किल्लीत एक छोटा रेझिस्टर बसवला. गाडी त्याचा रोध मोजायची. आकडा चुकला की इंजिन काही मिनिटं बंद. पण रोधाच्या किमती होत्या फक्त १५. म्हणजे पासवर्ड काय, तर १ ते १५ मधला एक आकडा!

मग किल्लीत चिप आली, तीही बिनबॅटरीची. स्टार्टरच्या कुलपाभोवतीची कॉइल तिला रेडिओलहरींतून वीज देते, चिप आपला कोड सांगते, आणि तो पटला तरच इंजिन चालू राहतं. युरोपात ऑक्टोबर १९९८ पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा झाला. कॅनडात २००७ मध्ये.

आता खरी गंमत. कुलूप बनवणं सोपं, पण नव्या किल्लीची ओळख करून द्यायचा हक्क कुणाला? सगळ्यांना दिला तर चोरालाही मिळणार. कुणालाच नाही दिला तर किल्ली हरवलेला मालक रस्त्यावर.

फोर्डने १९९६ च्या सुमारास काढलेलं उत्तर मला फार आवडतं. त्यांच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये ओळखीच्या दोन किल्ल्या एकापाठोपाठ फिरवायच्या आणि काही सेकंदांत तिसरी लावायची. झालं! दोन जुन्या किल्ल्या तिसरीला जामीन राहतात. एकच उरली असेल तर मात्र स्कॅन टूलवाला गाठायचा, आणि तो जोडल्यावरही साधारण दहा मिनिटं नुसतं थांबायचं. ही दिरंगाई मुद्दाम ठेवलेली, कारण चोराकडे वेळ नसतो.

एवढा ताप कशाला, असं वाटेल. अमेरिकेत ही सक्ती नव्हती. तिथे किया आणि ह्युंदाईच्या लाखो गाड्या इमोबिलायझरशिवाय विकल्या गेल्या. २०२२ मध्ये त्या यूएसबी केबलच्या टोकाने कशा सुरू करायच्या याचे व्हिडिओ व्हायरल झाले. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तिथल्या सरकारी यंत्रणेने याच्याशी जोडलेले १४ अपघात आणि ८ मृत्यू नोंदवले होते. बघा, एका चिपची किंमत!

आमच्या गाडीचं काय झालं? चिपवाली किल्ली घेतली, प्रोग्रॅम केली. पण त्याआधी मेमरीतल्या जुन्या किल्ल्या पुसून टाकायला सांगितल्या. ती न आलेली दुसरी किल्ली आता दार उघडेल कदाचित, इंजिन नाही.

तेव्हा मंडळी, जुनी गाडी घेताना आरसी बुकाइतक्याच हक्काने दोन्ही किल्ल्या मागा. आणि आत्ता एकच असेल, तर तीही हरवायच्या आत दुसरी करून घ्या. भेटू पुढच्या भागात!