सहा महिने, एक वर्ष आणि एक प्रश्न

ख्रिस्ती धर्माला घटस्फोट मान्य नाही, असे आपल्याकडे सरसकट बोलले जाते. रोमन कॅथलिक पंथापुरते ते बरेचसे खरे आहे. ल्यूथरने लग्नाला संस्कारांच्या यादीतून वगळले आणि व्यभिचार किंवा परित्याग झाल्यास लग्न मोडू शकते, असे प्रोटेस्टंट मानू लागले. एक अपवाद मात्र या मतभेदाहूनही जुना आहे. तो हिंदुस्थानात येऊन चक्क सरकारी कायदा झाला, म्हणून मला त्याचा माग काढावासा वाटला.

पहिल्या शतकात करिंथच्या मंडळीत एक अडचण उभी राहिली. नवरा-बायकोंपैकी एकाने ख्रिस्ताला मानले, दुसऱ्याने नाही; आता काय करायचे? पौलाने पत्रातून दिलेल्या सल्ल्याचा आशय असा: दुसरा नांदायला तयार असेल तर सोडू नका, तो आपणहून निघून गेला तर मात्र तुम्ही बांधलेले नाही. पुढे चर्चने याचा नियम बनवला. ११९९मध्ये पोप तिसरा इनोसंट याने त्याला स्पष्ट रूप दिले. ख्रिस्ती न झालेल्या जोडीदाराला आधी विचारायचे: तू हा धर्म घेशील का? नाही तर निदान सलोख्याने एकत्र राहशील का? दोन्हींना नकार मिळाला तरच पुढची वाट मोकळी.

या नियमाच्या पोटात एक मोठी कबुली आहे. बिगरख्रिस्ती विधीने लागलेले लग्नही खरेच लग्न असते. ते पोकळ असते, तर ते सोडवण्यासाठी एवढा खटाटोप कशाला?

एकोणिसाव्या शतकात हाच प्रश्न आपल्या दारी आला. लहानपणी लग्न झालेला तरुण बाप्तिस्मा घेई आणि त्याची बायको माहेरीच राही, किंवा तिचे लोक तिला पाठवत नसत. हिंदू असताना त्याला दुसरी बायको करायला आडकाठी नव्हती. ख्रिस्ती झाल्यावर एकच. दंडसंहिता १८६२मध्ये अमलात आली होती आणि तिच्या ४९४व्या कलमाने द्विभार्याविवाह गुन्हा ठरत होता. हा पेच सोडवण्यासाठी गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलातले कायदेमंत्री हेन्री मेन यांनी विधेयक मांडले आणि १८६६चा एकविसावा कायदा मंजूर झाला.

या कायद्याची कलमे वाचताना पौल आणि इनोसंट डोळ्यांपुढून हलत नाहीत. धर्मांतरामुळे जोडीदाराने सलग सहा महिने सोडले, तर धर्मांतरिताने कोर्टात जायचे. तेही घटस्फोट मागायला नाही, नांदायला या म्हणून. न्यायाधीशाने दुसऱ्याला विचारायचे: का नांदत नाही? धर्म हेच कारण निघाले तर खटला वर्षभर तहकूब. त्या वर्षात दोघांची भेट घडवायची, न्यायाधीशाने नेमलेल्या माणसासमोर. हे माणूस बाई असली तरी चालेल. नकार तिच्या स्वतःच्या मनाचा आहे की घरच्यांच्या दडपणाचा, हे पाहायचे. तरीही नकार टिकला, तर लग्न मोडल्याचा हुकूम. ही वाट बायको ख्रिस्ती झाली तर तिलाही खुली होती.

त्यानंतर दोघांनाही पुन्हा लग्न करता येई, जणू पहिले लग्न मृत्यूने संपले आहे. कायद्याचे हे शब्द मला फार बोचतात. नवऱ्याला नव्या समाजात नवी बायको मिळू शकत होती. ती मात्र ब्राह्मण किंवा प्रभू घरात, नवरा जिवंत असताना, कायद्याच्या लेखी विधवेसारखी. विधवाविवाहाचा कायदा १८५६चा. पण कायद्याने परवानगी दिली म्हणून अशा घरांतून स्थळ येत नसे. स्वातंत्र्य दोघांना सारखे मिळाले, त्याचा उपयोग मात्र एकालाच होता.

ना. वा. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा हा कायदा एकोणतीस वर्षांचा होता. लक्ष्मीबाई काही वर्षे नातेवाइकांकडे वेगळ्या राहिल्या. ‘स्मृतिचित्रे’मुळे मराठी वाचकाला हा काळ ठाऊक आहे. कायद्याच्या हिशेबात सहा महिने केव्हाच उलटले होते, वर्षही उलटले होते. टिळक त्या वाटेने गेले नाहीत. लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परतल्या आणि १९००मध्ये त्यांनी आपणहून बाप्तिस्मा घेतला. त्यांना ठरवायला जितका वेळ लागला, तितका तो लागू दिला गेला.

आज ख्रिस्ती विवाहाची चर्चा १८६९चा घटस्फोट कायदा आणि त्यातली २००१ची दुरुस्ती यांभोवतीच फिरते. नवऱ्याला नुसता व्यभिचार पुरे, बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. हा भेद दूर व्हायला १३२ वर्षे लागली. त्यापुढे १८६६चा कायदा अडगळीतला वाटतो. तरीही लग्न मोडायचे झाले तर मागे राहणाऱ्या बाईला एकटीला गाठून, तिच्या तोंडून तिचे मन ऐकावे, असे त्या कायद्याने निदान कागदावर तरी लिहून ठेवले होते. त्या काळच्या किती घरांत, लग्न जुळवताना, मुलीला एवढे तरी विचारले गेले असेल?