‘पेप्टाइड’ : पचनापासून प्रसाधनापर्यंत

शास्त्रीय परिभाषेतील शब्द जोवर प्रयोगशाळेत असतो, तोवर त्याचा अर्थ व्याख्येने बांधलेला असतो. तो बाजारात उतरला, की व्याख्या मागे राहते व शब्दाचे वजन तेवढे पुढे जाते. सुरकुत्या कमी करणाऱ्या लेपांच्या वेष्टनांवर आज ठळकपणे छापला जाणारा ‘पेप्टाइड’ हा शब्द ह्याचे उत्तम उदाहरण होय. ह्या शब्दाचा इतिहास केवळ व्युत्पत्तीच्या कुतूहलाचा विषय नव्हे. ग्राहकाला नेमके काय विकले जाते, हे समजण्याचा तो एक मार्ग आहे.

शब्दाचे मूळ पचनक्रियेत आहे. थेओडोर श्वान ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १८३६ मध्ये जठररसातील पाचक द्रव्य वेगळे केले व त्यास ‘पेप्सिन’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘पेप्सिस’ म्हणजे पचन. ज्या धातूपासून तो शब्द आला त्याचा मूळ अर्थ शिजवणे. संस्कृतातील ‘पच्’ व लॅटिनमधील ‘कोक्वेरे’ ही त्याच मूळ धातूची रूपे. मराठीतील पचणे, पाक, पक्व हे शब्द त्याच कुळातले आणि ‘पक्व’पासून प्राकृत ‘पिक्क’च्या द्वारे आलेला ‘पिकणे’ हाही त्यांचाच भाऊबंद. वेष्टनावर परका वाटणारा हा शब्द मराठीशी असा सगोत्र आहे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लेमान ह्या रसायनज्ञाने पचनाने विघटित झालेल्या प्रथिनांना ‘पेप्टोन’ म्हटले. पेप्टोन हे मिश्रण होते. त्यात नेमके काय आहे हे कोणासच ठाऊक नव्हते.

ह्या संदिग्धतेतून निश्चित संज्ञा घडवण्याचे श्रेय एमिल फिशर ह्यांना द्यावे लागते. १९०१ मध्ये फिशर व फूर्नो ह्यांनी ग्लायसीन ह्या ॲमिनो अम्लाचे दोन रेणू जोडून सर्वांत साधे पेप्टाइड प्रसिद्ध केले. १९०२ मध्ये कार्ल्सबाड येथील सभेत फिशर व हॉफमाइस्टर ह्यांनी, परस्परांहून स्वतंत्रपणे, प्रथिने ही ॲमिनो अम्लांच्या अशाच जोडणीने बनलेली असतात असे प्रतिपादन केले. ‘पेप्टोन’मधील ‘पेप्ट’ला शर्करांच्या नावांच्या धर्तीवर प्रत्यय लावून फिशर ह्यांनी ‘पेप्टाइड’ हा शब्द सिद्ध केला. १९०७ पर्यंत त्यांनी अठरा ॲमिनो अम्लांची साखळी तयार केली होती. विघटनाचे नाव असलेला शब्द ह्या ठिकाणी जोडणीचे नाव झाला. अर्थाचे हे पहिले स्थित्यंतर होय.

दुसरे स्थित्यंतर क्रमाशी निगडित आहे. फ्रेडरिक सँगर ह्यांनी १९५५ पर्यंत इन्शुलिनमधील ॲमिनो अम्लांचा संपूर्ण क्रम निश्चित केला आणि हा क्रम यदृच्छेने येत नसून प्रत्येक प्रथिनात ठरलेला असतो हे सिद्ध झाले. तीच अक्षरे क्रम बदलताच निराळा शब्द होतात, तसाच हा प्रकार. १९६३ मध्ये ब्रूस मेरिफील्ड ह्यांनी घन आधारावर एकेक अम्ल जोडत जाण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यामुळे इच्छित क्रमाची लहान पेप्टाइडे तयार करणे पुष्कळच सुलभ झाले. प्रसाधनांतील पेप्टाइडांचा धंदा ह्या सुलभतेवर उभा आहे.

त्वचेचा संबंध येतो तो कोलॅजेनमुळे. त्वचेला बळकटी देणाऱ्या ह्या प्रथिनाच्या नावाचा अर्थ ‘सरस उत्पन्न करणारे’ असा आहे. कातडी उकळून सरस काढतात तो ह्याच प्रथिनापासून. वयाबरोबर व उन्हाने कोलॅजेन कमी होते आणि सुरकुत्या पडतात. १९७३ मध्ये लॉरेन पिकार्ट ह्यांनी मानवी रक्तरसातील तीन अम्लांच्या एका पेप्टाइडाचे वर्णन केले. यकृतपेशींना ते अधिक काळ जगवीत असे. १९८८ मध्ये फ्रान्समधील माकार व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, तांब्याशी संयोग पावलेले तेच पेप्टाइड काचपात्रात वाढविलेल्या पेशींकडून अधिक कोलॅजेन तयार करवून घेते. हाच त्रिक कोलॅजेनच्या साखळीतही आढळतो, ही त्यातील लक्षणीय गोष्ट. १९९३ मध्ये कातायामा व सहकाऱ्यांना कोलॅजेनच्या पूर्वरूपातील पाच अम्लांच्या तुकड्यातही असाच गुण दिसला. ह्यावरून पुढील कल्पना दृढ झाली : कोलॅजेन तुटले की त्याचे तुकडे पेशींना नव्या बांधणीची सूचना देत असावेत. म्हणजे पचनाने उरलेला तुकडाच येथे संदेश ठरतो. शब्दाचे जुने व नवे अर्थ ह्या कल्पनेत एकत्र येतात.

काचपात्रातून चेहऱ्यापर्यंतचे अंतर मात्र मोठे आहे. त्वचेचा सर्वांत बाहेरचा, मृत पेशींचा थर ही मोठी अडसर होय. २००० साली बॉस व मायनार्डी ह्यांनी असे मांडले की, ५०० डाल्टनहून जड रेणू निरोगी त्वचेतून सहसा आत जात नाहीत. पिकार्ट ह्यांचे त्रिक सुमारे ३४० डाल्टनांचे असले, तरी पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थास हा स्निग्ध थर सहजी वाट देत नाही. पाच अम्लांचा तुकडा सुमारे ५६४ डाल्टनांचा. त्याला स्निग्धता यावी म्हणून पामिटिक अम्ल जोडतात, तेव्हा त्याचे वजन ८०२ च्या घरात जाते. स्निग्धता मिळविताना भार वाढतो, असा हा पेच आहे.

तरीही पुरावा अगदीच नाही असे नव्हे. २००५ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या शास्त्रज्ञांनी ३५ ते ५५ वयाच्या ९३ स्त्रियांवर बारा आठवडे प्रयोग केला. चेहऱ्याच्या एका बाजूस हे पामिटिकयुक्त पेप्टाइड असलेला व दुसऱ्या बाजूस ते नसलेला लेप दिला गेला. पेप्टाइडाच्या बाजूस सुरकुत्यांत सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय सुधारणा आढळली. लेपातील त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत तीन, म्हणजे ३० ग्रॅमच्या डबीत एक मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी होते. प्रयोग काटेकोर होता. पण तो उत्पादकांनीच केलेला होता, हेही ध्यानात ठेवणे इष्ट.

सर्वच पेप्टाइडांचे कार्य एकसारखे नसते. २००२ मध्ये स्पेनमधील संशोधकांनी वर्णिलेले सहा अम्लांचे पेप्टाइड कोलॅजेनसाठी नव्हे, तर स्नायूंना जाणारा मज्जासंदेश शिथिल करण्यासाठी योजलेले होते. त्याच्या वेष्टनावरील नावात प्रथम ३ हा आकडा होता, नंतर तो ८ झाला. हा आकडा केवळ यादीतील अनुक्रमांक आहे. त्यावरून शक्ती वा प्रमाण कळत नाही. घटकांच्या यादीतही एक टक्क्याहून कमी असलेले घटक युरोप-अमेरिकेच्या नियमांनुसार हव्या त्या क्रमाने लिहिता येतात.

कायद्यानेही भाषेला वळण लावले आहे. अमेरिकेच्या १९३८ च्या कायद्यानुसार शरीराची रचना वा कार्य बदलण्याचा दावा करणारा पदार्थ औषध ठरतो. प्रसाधनाने केवळ रूप खुलवावयाचे असते. भारतातही १९४० च्या औषधविषयक कायद्यात १९६२ च्या दुरुस्तीने प्रसाधनांचा समावेश झाला व तेथेही प्रसाधनाची व्याख्या रूपाशीच बांधलेली आहे. म्हणून जाहिरात सुरकुत्या ‘जातात’ असे म्हणत नाही, त्या ‘कमी दिसतात’ असे म्हणते. क्रियापदातील हा संकोच पुष्कळ काही सांगून जातो. ‘पेप्टाइड’ ह्या नामाचा भारदस्तपणा तो झाकून टाकतो, इतकेच.

तात्पर्य, ‘पेप्टाइड’ हे एका द्रव्याचे नाव नसून एका जातीचे नाव आहे. ‘प्राणी’ म्हटल्याने जसा वाघ की ससा हे कळत नाही, तसेच ‘पेप्टाइडयुक्त’ म्हटल्याने गुण कळत नाही. कोणते पेप्टाइड, किती प्रमाणात, त्वचेत कितपत उतरणारे आणि कोणी तपासलेले, ह्या चार प्रश्नांची उत्तरे वेष्टनावर क्वचितच असतात. ती मिळाल्यावाचून शब्दाला किंमत देणे म्हणजे न शिजलेले अन्न पचल्याचे मानणे होय.