गाडी येण्याआधी

मला मारामारीचे सिनेमे आवडतात. जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या बाईने हे लिहावं याचं काहींना नवल वाटेल. वाटू दे. त्यातही मला खरी गोडी आहे ती सुरुवातीच्या दहा-पंधरा मिनिटांची, पहिला ठोसा पडण्याआधीची. पुढची मारामारी थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखीच असते. पण ती सुरू होण्याआधी दिग्दर्शक आपल्याला खुर्चीत कसा बसवतो आणि कुठल्या गावात नेऊन सोडतो, त्यावर पुढच्या मारामारीला किंमत येते की नाही ते ठरतं.

हे मला कळलं ते सिनेमामुळे नाही, पानिपतामुळे. वर्गात पानिपत शिकवायचं तर थेट १४ जानेवारी १७६१ च्या सकाळपासून सुरुवात करून चालत नाही. मुलं नुसती बघत बसतात. आधी नकाशा टांगायचा. यमुना कुठे, दिल्ली कुठे, पानिपत कुठे. मग अब्दालीने बागपतजवळ नदी ओलांडली आणि मराठ्यांची दिल्लीकडची वाट बंद झाली, हे बोट ठेवून दाखवायचं. मग छावणीतलं धान्य संपत चाललंय, बरोबर बायकामुलं आणि यात्रेकरू आहेत, हे सांगायचं. एवढं झालं की मागच्या बाकावरचा मुलगासुद्धा विचारतो, "मग बाई, पुढं काय झालं?" लढाई अजून सुरूही झालेली नसते. चांगल्या मारामारीच्या सिनेमाची सुरुवात म्हणजे हा टांगलेला नकाशाच. आणि गंमत अशी की या नकाशात फार वेळा एक रेल्वे स्टेशन असतं.

सिनेमा आणि आगगाडी यांचं नातं अगदी जन्मापासूनचं. त्यामुळे मारामारीच्या सिनेमाचा पूर्वज म्हणून ज्याचं नाव घेतात तो १९०३ चा अमेरिकन 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' रेल्वेच्या तारघरातच सुरू होतो याचं आश्चर्य वाटायला नको. एडविन पोर्टर यांनी एडिसनच्या कंपनीसाठी केलेला हा जेमतेम बारा मिनिटांचा मूकपट. दोन दरोडेखोर आत शिरतात, तारमास्तरवर पिस्तूल रोखतात, त्याच्याकडून खोटा हुकूम लिहून घेतात आणि त्याला बांधून टाकतात. हे चाललेलं असताना खिडकीतून बाहेर उभी गाडी दिसते. म्हणजे गाडीतल्या बिचाऱ्या लोकांना जे ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक झालं! ताण निर्माण करण्याची ही युक्ती तेव्हापासून आजपर्यंत चालू आहे.

या मूकपटात आणखी एक गोष्ट आहे. एक दरोडेखोर थेट प्रेक्षकांकडे बघत गोळ्या झाडतो, असं एक सुटं दृश्य त्यात होतं. ते सुरुवातीला जोडा किंवा शेवटी जोडा, तुमची मर्जी, असं कंपनीनेच खेळ दाखवणाऱ्यांना सांगितलं होतं. सुरुवातीलाच धडाका करून प्रेक्षकाला दचकवायचं, की आधी त्याला तारघरात नेऊन परिस्थिती समजू द्यायची? मला वाटतं, पुढच्या शंभर वर्षांतले सगळे दिग्दर्शक याच दोन वाटांपैकी एक निवडत आले आहेत.

दुसऱ्या वाटेवरचा सगळ्यात मोठा प्रवासी म्हणजे अकिरा कुरोसावा. 'सेव्हन सामुराई' (१९५४) मध्ये आगगाडी नाही, ती गोष्ट सोळाव्या शतकातल्या जपानची. सुरुवातीला डोंगराच्या कडेवर घोडेस्वारांच्या काळ्या आकृत्या दिसतात. ते दरोडेखोर आहेत. खाली दरीत एक गाव आहे. आत्ताच लुटू या, असं एक म्हणतो. त्यावर दुसरा म्हणतो, गेल्या हंगामात यांचा तांदूळ नेलाय, आता काही मिळणार नाही, सातू पिकला की येऊ. आणि निघून जातात! पाठीवर लाकडांचा भारा घेतलेला एक शेतकरी हे लपून ऐकतो. संपलं. एक थेंब रक्त नाही. पण शेतातलं पीक हेच आता घड्याळ झालं. शेतकऱ्याने ज्या पिकाकडे आनंदाने बघायचं, तेच जसजसं पिवळं पडेल तसतसं मरण जवळ येणार. साडेतीन तासांच्या जवळपास जाणाऱ्या या सिनेमाला एवढं भांडवल पहिल्या दोन-तीन मिनिटांत मिळतं. शेती ज्याला कळते त्याला ही सुरुवात जास्त कळेल असं मला नेहमी वाटतं.

याच्या दोनच वर्षं आधी अमेरिकेत 'हाय नून' (१९५२) आला होता. तिथे पिकाच्या जागी खरंखुरं घड्याळ आहे आणि स्टेशनही आहे. तीन माणसं गावाबाहेर एकत्र जमतात आणि गावातून घोडे हाकत स्टेशनावर जातात. रविवार आहे, चर्चची घंटा वाजते आहे. त्यांना बघून एक म्हातारी छातीवर क्रूस काढते. कोण आहेत ही माणसं हे अजून कोणी सांगितलेलं नाही, पण त्या बाईच्या हाताने सगळं सांगितलं. स्टेशनावर पोचल्यावर ते विचारतात ते फक्त बाराच्या गाडीचं. त्या गाडीने त्यांचा म्होरक्या येणार आहे, तुरुंगातून सुटून. तिकडे गावात मार्शलचं लग्न लागतंय. सिनेमा पंच्याऐंशी मिनिटांचा आणि गोष्टीतला वेळही जवळजवळ तेवढाच. त्या तिघांतला एक होता ली व्हॅन क्लीफ. त्याचा हा पहिलाच सिनेमा आणि त्यात त्याला एकही वाक्य नाही. तो नुसता वाट बघतो.

ही वाट बघणारी तीन माणसं सर्जिओ लिओनी नावाच्या इटालियन दिग्दर्शकाच्या डोक्यात चांगलीच रुतून बसली असावीत. १९६८ च्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' मध्ये त्याने त्यांना पुन्हा स्टेशनावर आणून बसवलं आणि दहा मिनिटांहून जास्त वेळ बसवून ठेवलं. गोष्ट अमेरिकेतली, स्टेशन मात्र उभारलेलं स्पेनच्या उजाड माळावर. हा सिनेमा मी निवृत्तीनंतर डीव्हीडीवर पाहिला. पहिल्यांदा वाटलं, तबकडीत बिघाड आहे, कारण संगीतच नाही! एन्निओ मॉरिकोनेसारखा संगीतकार हाताशी असून सुरुवातीला ऐकू येते ती तेलपाणी न केलेल्या पवनचक्कीची कुरकुर. एक गुंड पाण्याच्या टाकीखाली उभा आहे आणि त्याच्या टकलावर थेंब पडताहेत. तो सरकत नाही, नुसती हॅट घालतो. मग थेंब हॅटवर पडायला लागतात. दुसरा बोटं मोडतो. तिसऱ्याच्या दाढीवर माशी बसते. तारयंत्राची टकटक चालू असते, त्याचा त्रास होतो म्हणून तो सरळ तार उपटून टाकतो. बस्स, बाहेरच्या जगाशी असलेला संबंध तुटला. केवळ एका वैतागलेल्या हाताने हे ठिकाण किती एकाकी आहे ते सांगितलं. मग तो त्या माशीला पिस्तुलाच्या नळीत पकडतो आणि तिची गुणगुण ऐकत बसतो.

गाडी येते. कोणी उतरत नाही. गाडी निघते, तिघे परत फिरतात, आणि मागून बाजाचा सूर येतो. गाडी पुढे सरकल्यावर रुळांच्या पलीकडे एक माणूस उभा दिसतो. माझ्यासाठी घोडा आणलाय का, असं तो विचारतो. एक घोडा कमी पडतोय, असं ते हसत म्हणतात. उलट दोन जास्त आहेत, असं त्याचं म्हणणं. गोळीबार चार-दोन सेकंदांचा. पाणी, माशी, कुरकुर यांच्यावर एवढा वेळ घालवला नसता तर ती चार सेकंदं आपल्याला लक्षातही राहिली नसती.

याच काळात दुसरीकडे जेम्स बाँडच्या सिनेमांनी पहिली वाट धरली होती. 'फ्रॉम रशिया विथ लव्ह' (१९६३) पासून नामावलीच्या आधी एक छोटी झटापट दाखवायची पद्धत त्यांनी पाडली. 'गोल्डफिंगर' (१९६४) मध्ये बाँड पाण्यातून बाहेर येतो, वरचा पोशाख काढतो आणि आत कोरडा पांढरा कोट! मजा आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्या प्रसंगाचा पुढच्या कथेशी संबंध नाही आणि ते ठिकाण जगाच्या नकाशात कुठेही असलं तरी चालेल. पुढे ही पद्धत इतकी पसरली की हल्ली पहिल्या पाच मिनिटांत अर्धं शहर पडतं आणि ते शहर कुठलं हेही आपल्याला आठवत नाही. दोन्ही वाटा एकत्र आणणारा एक सिनेमा मात्र मला माहीत आहे, 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' (१९८१). त्यात धडाकाही आहे आणि जंगलाचा ओला अंधारही. असो.

आता आपल्या 'शोले'कडे येते. १५ ऑगस्ट १९७५ ला तो लागला. गावाचं रक्षण करायला लढवय्ये आणायचे हे बीज कुरोसावाचं, आणि लिओनीच्या सिनेमांचा ठसाही दिसतो, हे सगळ्यांनीच लिहिलंय. सलीम-जावेद आणि रमेश सिप्पी यांनी त्या नकाशाचं काय केलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

सुरुवात स्टेशनवरच आहे. निर्मनुष्य फलाट, येणारी गाडी. पण इथे पिस्तूल घेऊन कोणी वाट बघत नाही. रामलाल नावाचा नोकर उभा आहे आणि उतरतो तो एक जेलर. दोघं घोड्यावर बसतात आणि निघतात. आर. डी. बर्मन यांचं संगीत सुरू होतं आणि नामावली झळकू लागते. आमच्या तालुक्याच्या टॉकीजमध्ये नामावली म्हणजे जाहिरातींनंतर उशिरा येणाऱ्यांनी आपली खुर्ची शोधायची वेळ. पण इथे खुर्ची शोधणारे वाटेतच उभे राहिले, मागचे ओरडायला लागले. कारण पडद्यावर द्वारका दिवेचांच्या कॅमेऱ्याने ते दोन घोडे अवाढव्य खडकांमधून नेले होते. बंगळूरजवळच्या रामनगरचे हे खडक. घोडे जात राहतात, खडक संपत नाहीत, मग हिरवळ लागते, वस्ती लागते, आणि शेवटी ठाकूरची हवेली.

काहीच घडत नाही. पण आपल्याला कळतं की स्टेशनपासून हे गाव फार लांब आहे. मोटार दिसत नाही, विजेचे खांब दिसत नाहीत. इथे काही झालं तर पोलीस वेळेवर पोचणार नाहीत, हे कोणी न बोलता आपण समजून चुकतो. (गावात वीज नसताना वीरूला चढायला पाण्याची एवढी मोठी टाकी कुठून आली, असं एका विद्यार्थ्याने मला विचारलं होतं. उत्तर माझ्याकडे नाही.) गब्बर पडद्यावर यायला अजून बराच अवकाश आहे, पण ज्या अंतराच्या जोरावर तो राज्य करतो ते अंतर आपण घोड्यावरून पार केलेलं असतं. हे रामगढ उभं करणारे कलादिग्दर्शक होते राम येडेकर.

हवेलीत ठाकूर भेटतो. अंगावर शाल. तो जेलरला दोन गुन्हेगार शोधून आणायला सांगतो. जेलर चक्रावतो, आपणही. पोलीस खात्यातला माणूस, त्याला चोर कशाला हवेत? मग मागची हकिगत सुरू होते, मालगाडीवरची ती प्रसिद्ध लढाई. हिचं चित्रीकरण आपल्या पनवेलजवळच्या रेल्वेमार्गावर झालं आणि त्याला सुमारे सात आठवडे लागले. लढाई जोरदार आहेच, पण तिच्यात दोन गोष्टी गुपचूप पेरल्या आहेत. एक, निर्णयासाठी उडवलेलं ते नाणं. दुसरी म्हणजे ठाकूरचे हात. या लढाईत तो दोन्ही हातांनी बंदूक चालवतो आणि बेड्या घातलेल्या त्या दोघांना आपण नीट बघून घेतो. वर्तमानात परत आलो की ठाकूरच्या अंगावर पुन्हा शाल. थंडी असेल, म्हातारा झालाय, असं समजून आपण सोडून देतो. पहिल्या वेळी माझ्या तर लक्षातही आलं नाही, आणि येऊ नये अशीच ती योजना. पुढे होळीच्या दिवशी बंदूक पायाशी पडलेली असूनही ठाकूर ती उचलत नाही, तेव्हा सगळं थिएटर त्याच्यावर चिडलं होतं. कारण कळलं त्यानंतर.

आता घरी बघताना नामावली गाळायचं बटणच असतं. नातू ते दाबतो आणि थेट हवेलीत पोचतो. मग पुढे विचारतो, "आजी, हे लोक पोलिसांना का नाही बोलवत?" मी त्याला मागे नेते आणि घोडे दाखवते. तो कुरकुरतो, पण बघतो.

त्या वर्षी 'शोले'ला एकच फिल्मफेअर पारितोषिक मिळालं. अभिनयाचं नाही, संगीताचं नाही, संवादांचंही नाही. ते मिळालं संकलनाचं, माधव शिंदे यांना. मारामारीचा सिनेमा हातात असताना, काहीही न घडणारे ते घोडे त्यांनी कापले नव्हते.