सुपर स्लो वे

इंग्लंडच्या वायव्य भागात, लँकाशरमधील लीड्स-लिव्हरपूल कालव्याच्या काठच्या गावांत चालणारा लोकसहभागी कलाउपक्रम. जिथे कलाव्यवहारातला लोकांचा सहभाग सरासरीपेक्षा कमी आहे, अशा भागांसाठी आर्ट्‌स कौन्सिल इंग्लंडने आखलेल्या ‘क्रिएटिव्ह पीपल अँड प्लेसेस’ योजनेतून २०१५ च्या सुमारास तो सुरू झाला. ब्लॅकबर्न, हिंडबर्न, बर्नली व पेंडल हे त्याचे कार्यक्षेत्र. कालव्याची देखभाल करणारा ‘कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट’ हा न्यास त्यात भागीदार आहे.

पार्श्वभूमी : पेनाइन डोंगररांग ओलांडणाऱ्या या सुमारे २०४ किमी. लांबीच्या कालव्याचे काम १७७० मध्ये सुरू होऊन १८१६ मध्ये पूर्ण झाले. कोळसा, चुनखडी आणि कापूस यांची वाहतूक त्यावरून होई. म्हणून कापडगिरण्या काठालाच उभ्या राहिल्या. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर पाकिस्तान व भारतातून आलेल्या अनेक कामगारांना या गिरण्यांतच काम मिळाले. पुढे कालव्यावरची मालवाहतूक संपली, गिरण्याही बंद पडल्या, आणि जुन्या व नव्या रहिवाशांना एकत्र आणणारी कामाची जागाही गेली.

निवासी प्रकल्प : कलाकाराने काठावर मुक्काम करावा किंवा दीर्घकाळ येत-जात राहावे आणि रहिवाशांबरोबर कलाकृती घडवावी, ही इथली कार्यपद्धती. कलाकार स्टीफन टर्नर यांनी २०१३-१४ मध्ये दक्षिण इंग्लंडमधील ब्यूली नदीच्या खाडीत ‘एक्सबरी एग’ या अंडाकृती, तरंगत्या लाकडी घरात राहून काम केले होते. २०१६ मध्ये या उपक्रमासाठी हेच घर बर्नलीत कालव्याकाठी आणले गेले.

अमेरिकन कलावती सुझॅन लेसी यांचा ‘शेप्स ऑफ वॉटर, साउंड्‌स ऑफ होप’ (२०१५–१७) हा सर्वांत गाजलेला प्रकल्प. त्याचे केंद्र ब्रायरफील्ड गावातील बंद पडलेली गिरणी होती. ‘शेप नोट’ ही वाद्यांच्या साथीविना गायची ख्रिस्ती समूहगायनाची रीत आणि सूफी जिक्र (ईश्वरनामाचा जप) यांचे गायन तेथे एकत्र झाले. २०१६ मध्ये गिरणीच्या रिकाम्या दालनात शेकडो रहिवासी गायनासाठी आणि सहभोजनासाठी जमले. त्यावरून ‘द सर्कल अँड द स्क्वेअर’ ही चलत्‌चित्र मांडणी तयार झाली.

पुढील विस्तार : या उपक्रमातूनच २०१९ पासून ‘ब्रिटिश टेक्स्टाइल बिएनाले’ हा द्वैवार्षिक महोत्सव भरू लागला. २०२१ च्या महोत्सवानिमित्त ब्लॅकबर्नमधील पडीक जागेवर स्वयंसेवकांनी जवसाचे पीक घेतले. त्याच्या धाग्यापासून स्थानिक कापड विणणे हा हेतू होता. त्याच वर्षी कलावती लुबाइना हिमिद यांनी पॅडिहॅमच्या गॉथॉर्प हॉलमधील जुन्या कोठारात ‘लॉस्ट थ्रेड्‌स’ ही मांडणी केली. ४०० मी. ‘डच वॅक्स’ या छापील सुती कापडाच्या लाटांतून त्यांनी कापूस आणि गुलाम वाहून नेणारे समुद्र, नद्या व कालवे दाखवले. त्यामुळे या कालव्याचा इतिहास गुलामांच्या व्यापाराशी जोडूनच पाहावा लागतो.